मागची सीट

लग्नातले बाकीचे सगळे नियम केव्हाच मोडून झाले होते. मुलांसमोर भांडायचं नाही, एवढा एकच उरला होता. म्हणून सकाळपासून दाट धुक्यातून गाडी हाकताना नवरा नुसता दातओठ खात होता आणि ती काचेवरची वाफ उगाच पुसत होती. हीटरची ऊब होती, अंगावर पांघरूण होतं, तरी मागच्या सीटवरची दोन्ही कार्टी डोळा मिटायला तयार नव्हती.

"झोपा रे बाळांनो, अजून लांब जायचंय," ती गोड आवाजात पुन्हा म्हणाली. अखेर धाकटा पेंगला, थोरलीचेही डोळे जड झाले. नवऱ्याने घसा खाकरला, तीही त्याच्याकडे वळून बसली.

 

तेवढ्यात थोरलीने भावाला चिमटा काढला. "ऊठ ना रे! आपण झोपलो की यांचं भांडण सुरू होतं. मी एकटी किती वेळ जागी राहू?"