बापाची सॅक

माझ्या हातातली सुई हल्ली थोरल्या लेकाच्या डोळ्यांत खुपते. डोंगर चढणाऱ्यांच्या सॅक ह्याच्या बापाने आणि मी घरात शिवून नाव मिळवलं. ह्याने त्या धंद्याची कंपनी केली आणि माझं शिलाई मशीन शोरूममध्ये काचेत बसवलं, वर दिवा लावून. तुटकी सॅक घेऊन गिऱ्हाईक माझ्याकडे आलं, की मलाच दटावतो, “आई, शिवून देत जाऊ नकोस गं. मग नवी कोण घेणार?”

काल स्वतःच आला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावर निघायचं होतं. काखेत बापाची जुनी सॅक, पट्टा तुटलेला.

“एवढा हाताने शिवून दे ना. पाठीला हीच बसते.”

मी चष्मा काढून ठेवला.

“नवी घे की, बाळा. दुकान तुझंच आहे.”