उन्हाळी

"उन्हाळी लागलीय, दुसरं काही नाही," लघवीला जळजळ झाली की श्रीरंगराव म्हणत, आणि मंदाताई नवऱ्याला धन्याचं पाणी गाळून देत. पौषातली थंडी पडली तरी ही उन्हाळी ओसरेना.

मग लघवीच तुंबली. लग्नाच्या वयाच्या मुलाने त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. तपासून डॉक्टर बाहेर आले.

"पुढची कातडी मागे सरकत नव्हती, हे कधी बोलले नाहीत?"

"मलासुद्धा नाही," मंदाताई पुटपुटल्या.

"तेव्हाच आले असते तर मलमावर किंवा छोट्या शस्त्रक्रियेवर भागलं असतं. आता आत गाठ आहे. तुकडा तपासायला पाठवतो, पण लक्षण कॅन्सरचं दिसतंय."

मुलगा डॉक्टरांसमोर आला.

"डॉक्टर," आईसमोरच तो म्हणाला, "माझीही सरकत नाही."