अव्वाचं गाणं

"हे तुझंच गाणं की गं," बाळाप्पा बायकोकडं वाकून म्हणाले.

बसम्मानं जोरात मान हलवली. न्हाय.

मोबाईलवर कानडी भजन चालू होतं. सगळे तिच्याकडं बघायला लागले. भाऊबीजेची दुपार होती. जेवणं झाली होती आणि शाहूपुरीतल्या त्या घरात सतरंजीवर सगळे ऐसपैस पसरले होते. मधल्या ताटात शंकरपाळ्या नि चकल्यांचा चुरा. खेळ सुनेनं, रक्षितानं काढला होता. वर्षभरात ज्याला जे गाणं आवडलं, ते त्यानं सगळ्यांना ऐकवायचं. मुलानं, बसवेशनं, कागलच्या कारखान्यातली पोरं ऐकतात तसलं एक ढणढणतं गाणं लावलं आणि सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. लेक सौंदर्या चंदगडहून आली होती. तिथं भातलावणी करताना बायका गात होत्या, ते तिनं बांधावर उभं राहून मोबाईलवर घेतलं होतं. ते मात्र सगळ्यांनी दोनदा ऐकलं. बाळाप्पांनी एक जुनी कव्वाली लावली. मग "आता हिचं," म्हणून हे भजनही त्यांनीच शोधून लावलं.

गेल्या शिमग्याला बसम्माला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. सगळं कळत होतं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. दवाखान्यातली बाई चित्रं दाखवून बोलायला शिकवत होती. गाय. घर. पाणी. एक दिवस बसम्मानं सगळी चित्रं भिरकावून दिली आणि परत जायला तयार झाली नाही.

तेव्हापासून तिचं बोलणं बाळाप्पांनी अंगावर घेतलं. कुणी तिला काही विचारलं, की उत्तर ते देत. हिला भात थोडाच वाढा. हिला झोप आलीया. हिला बरं वाटतंय आता. अगदी मायेनं देत. बसम्मा मान खाली घाली.

"अव्वा, मग कुठलं लावू?" सौंदर्यानं विचारलं.

"तिला अभंग बी आवडतात," बाळाप्पा म्हणाले. "तेच लाव."

बसम्मानं डाव्या हातानं लेकीच्या हातातला मोबाईल बाजूला सारला. मग तोच हात मांडीवर आपटायला लागली. एकदा, दोनदा, ठेक्यात. बसवेश घाबरून उठला. त्याला वाटलं, चिडली. आणि बसम्माच्या गळ्यातून आवाज आला. आधी नुसता सूर. मग त्या सुरावर शब्द. घोगरे, पण अख्खे.

"नव्या नवरीला पुसा गं पुसा, नाव तिचं काय गं, गाव तिचं काय..."

सौंदर्याचा हात तोंडावर गेला. हे गाणं घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. मराठी, आणि झिम्म्याचं. अव्वा तर जन्मभर घरात कानडीच बोलली.

"अगं बया!" दारातून हाक आली. शेजारच्या चिमणाबाई फराळाचं ताट घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. वय झालं होतं, पण आवाज अजून गल्लीभर जायचा. "माझं गाणं कोण म्हनतंय?"

"अव्वा म्हणतीया, काकी! अव्वा!" बसवेश ओरडला.

चिमणाबाईंनी ताट खाली ठेवलं आणि बसम्मासमोर येऊन बसल्या.

"ही लगीन करून आली तवा हिला मराठीचा एक शबूद येत न्हवता," त्या सांगायला लागल्या. "घरात कानडी बोलायची. पर गल्लीत आली की तोंड मिटलेलं. समद्यास्नी वाटायचं, बाळाप्पाची बायकू मुकी हाय. पंचिमीला मी हिला झिम्म्यात वढली. हिनं पयलं मराठी बोललं ते हेच गाणं. बोलाय शिकली ती गाण्यातनंच की!"

"मला ह्यातलं काहीच ठाऊक न्हाय," बाळाप्पा हळूच म्हणाले. "मी दिवसभर दुकानात. मला वाटायचं, लाजतीया."

"अव्वा, परत बोल की काहीतरी," बसवेश म्हणाला.

बसम्मानं तोंड उघडलं. काही आलं नाही. तिचे डोळे भरले.

चिमणाबाईंनी तिचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि ठेक्यात हलवायला सुरुवात केली.

"बोलू नगंस. तवा बोलत हुतीस व्हय? गा. काय पायजे ते गाऊन सांग."

त्यांनी चाल गुणगुणली. बसम्मानं ती उचलली. शब्द शोधत, अडखळत ती त्याच चालीवर गायली, "चिमणाक्का... आली गं... चहा... ठेवा गं..."

रक्षिता रडत रडतच स्वयंपाकघरात पळाली.

"साखर किती घालायची तुझ्या चहात?" चिमणाबाईंनी विचारलं.

"हिला बिनसाखरेचा," बाळाप्पा सवयीनं म्हणाले. "डॉक्टरांनी—"

बसम्मा त्यांच्याकडं वळली. ठेका चालूच होता. एकेक शब्द सुरावर ठेवत तिनं गाऊन सांगितलं, "तुमी... गप... बसा गं, गप बसा."

सौंदर्याला हसू फुटलं, मग बसवेशला, आणि घरभर ते पसरलं. चिमणाबाई हसता हसता खोकायला लागल्या. हसले नाहीत ते फक्त बाळाप्पा. ते उठून पुढं झाले, चिमणाबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तसेच राहिले.

संध्याकाळी गल्लीत जो भेटेल त्याला थांबवून, डोळे पुसत पुसत ते सांगत होते, "आमची मला म्हणाली, गप बसा!"