गाडीतला दोष

दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना गाडी पुन्हा अडखळली. इंजिनाचा आवाज क्षणभर बसला, मग एक हिसका देऊन गाडी चढाला लागली. स्टीअरिंगवर तोगाशी होते. शेजारच्या सीटवर सुमिए इसोगाई मांडीवर मीटर घेऊन बसली होती. कळलं ना आता, असं तोगाशींनी विचारलं. तिने नुसती मान हलवली.

तोगाशी एकाहत्तर वर्षांचे. अडतीस वर्षं त्यांनी याच घाटात बस चालवली होती आणि एकदाही कुठे घासली नव्हती. सुमिए त्यांच्याच बसने शाळेत जायची. आता ती स्वतः पन्नाशी ओलांडलेली. वडील गेल्यापासून घाटाच्या पायथ्याचं गॅरेज एकटीने चालवत होती. तरी ती त्यांना काकाच म्हणे. निवृत्त झाल्यावर तोगाशींनी ही लाल, दोन सीटची, तीस वर्षं जुनी स्पोर्ट्स कार घेतली तेव्हा गाव हसलं होतं. जन्मभर चाळीस-चाळीस माणसं ओढली, आता मागे कोणी बसायला नको, असं ते सांगत.

घाटातली बस दोन वर्षांपूर्वी बंद झाली. शेवटच्या फेरीला प्रवासी म्हणून एकटे तोगाशीच होते. त्यांचं घर शेवटच्या थांब्याच्याही वर. दुकान, दवाखाना, गावाच्या सार्वजनिक न्हाणीघरात रोज भेटणारी दोस्तमंडळी, सगळं खाली. गाडी गेली की वरचं घरही सोडावं लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. कोणी ते बोललं नव्हतं.

मागच्या आठवड्यात हमरस्त्याला लागताना गाडीने असाच दम खाल्ला आणि मागून येणारा ट्रक हातभर अंतरावर कसाबसा थांबला. ट्रकवाला खाली उतरून पाच मिनिटं बोलत होता. तोगाशी कमरेत वाकून ऐकत उभे राहिले. तिथून ते सरळ सुमिएकडे आले.

सुमिएने दोन दिवस गाडी उघडून ठेवली. तिच्याआधी दोन गॅरेजवाल्यांचे हात लागलेले दिसत होते. प्लग नवे, कॉइल नवी, पेट्रोलचा पंप नवा. फिल्टर स्वच्छ. पेट्रोलचा दाब हवा तेवढा. ती एकटी दोनदा देवळाच्या वळणापर्यंत जाऊन आली. गाडी लोण्यासारखी चढली. तिला त्याचं नवल वाटलं नाही. जुन्या गाड्या मेकॅनिक बसला की शहाण्यासारख्या वागतात.

मग आज तिने काकांनाच चालवायला लावलं. अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला आहे ते सांगणाऱ्या सेन्सरला तिने मीटर जोडला होता. चढावर मीटरचा काटा आधी पडला, इंजिन त्याच्यामागून बसलं. म्हणजे इंजिन गुदमरत नव्हतं. त्याला जेवढं सांगितलं जात होतं तेवढंच ते करत होतं. तिने गाडी परत आणवली आणि तो सेन्सर बदलला. केबल बोटांनी चाचपली. एक तारही तुटलेली नव्हती. दोघं पुन्हा चढावर आले. काटा पुन्हा पडला.

तिने त्यांना तोच चढ आणखी एकदा घ्यायला सांगितलं. कुठून तरी खडखड येते आहे असं म्हणून ती डॅशबोर्डखाली वाकली.

काकांचा उजवा पाय पेडलवर होता. बूट पुसलेला, नाडी घट्ट. चढ सुरू झाला, पाय दाबला गेला, आणि मग तळवा आपोआप उचलला गेला. क्षणभर तो अधांतरी थरथरला. मग चाचपडत पुन्हा पेडलवर आला. गाडीने हिसका दिला.

सुमिए लगेच वर बघू शकली नाही. अजून एक भाग बदलू या, असं म्हणता आलं असतं. सुटा भाग मागवायला महिना लागतो. तेवढा महिना त्यांना मिळाला असता. पण खालच्या वळणावर शाळा होती, आणि त्या दोन गॅरेजवाल्यांना जे दिसलं नव्हतं ते तिला दिसलं होतं.

बंद पडलेल्या बसथांब्यापाशी तिने गाडी थांबवायला सांगितली. इंजिन तसंच चालू राहिलं, एकसारखं, न चुकता.

"काका, गाडीत काही नाही," ती म्हणाली. "तुमचा पाय उठतोय."

तोगाशींनी हँडब्रेक ओढला. काही न विचारता ते उतरले, बॉनेटला हात लावून पुढून वळसा घालून आले आणि डाव्या दाराशी उभे राहिले. सुमिए सरकून स्टीअरिंगवर बसली. ते आत बसले, पट्टा लावला, हात मांडीवर ठेवले. तिने गाडी चढाला घातली. दुसरा, तिसरा. गाडी एकदाही अडखळली नाही. तोगाशी मान किंचित कलती करून आवाज ऐकत होते. त्यांच्या घरापाशी तिने इंजिन बंद केलं, तरी ते उतरले नाहीत.

"पहिल्याने पंप बदलला, दुसऱ्याने कॉइल," ते म्हणाले. "दोष सापडला म्हणाले दोघंही. दोन्ही दिवशी मी घरी जाऊन बियर उघडली."

त्यांनी पट्टा सोडला.

"पायाचं मार्चमध्येच डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला गाडीतलं काय कळतं? तुला तसं म्हणता येत नाही गं."