एकच डबा

स्टाफरूमच्या टेबलावर मी दोन डबे ठेवले की सगळ्यांचं बोलणं थांबायचं. एक माझा. दुसरा, निळ्या झाकणाचा, माझ्या मुलाचा, अद्वयचा. तो जाऊन वर्ष झालं, तरी मी रोज सकाळी दोन्ही भरायचे आणि त्याचा संध्याकाळी तसाच घरी न्यायचे.

मग माझ्यादेखत चर्चा सुरू व्हायची. मानसशास्त्राच्या तांबोळी मॅडम म्हणायच्या, "सहा महिने नॉर्मल. त्यापुढे डॉक्टरांना दाखवावं." समाजशास्त्राचे भोईटे सर म्हणायचे, "आपल्याकडे गेलेल्या माणसाचं पान वाढतातच की. हे नॉर्मलच आहे." संख्याशास्त्राच्या खरात सरांनी तर हवेत बोटानं घंटेसारखा 'नॉर्मल' वक्र काढला आणि मला त्याच्या पार टोकाला नेऊन बसवलं.

"आमच्या भूगोलात नॉर्मल पाऊस ठरवायला तीस वर्षांची सरासरी काढतात," मी एकदा म्हणाले. "माझं एकच वर्ष झालंय. अजून एकोणतीस थांबा."

अद्वयला डब्यात काय आवडायचं, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही.

आज टेबलावर एकच डबा होता. तांबोळी मॅडमनी माझा हात दाबला. भोईटे सरांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. "आलात मॅडम एकदाच्या नॉर्मलवर!" खरात सर हसून म्हणाले. तिन्ही विषयांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

डब्याचं झाकण निळं होतं, हे एकाच्याही लक्षात आलं नाही. सकाळच्या घाईत माझा भरायचा राहून गेला होता.