चार खुर्च्या

चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले वडील हल्ली तिचा चारचौघांत पाणउतारा करायचे. "वयामुळे होतं हो त्यांचं असं, मनात काही नसतं," असं ती सगळ्यांना सांगायची, स्वतःलाही. शेवटी ती त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन आली.

"काका, या कागदावर एक खोका काढून दाखवा," डॉक्टर म्हणाले.

"नुसता खोका? जन्मभर पोरांना खोक्यातून फर्निचर काढायला शिकवलंय मी!" बघता बघता त्यांनी खोक्याचं जेवणाचं टेबल केलं. भोवती आणखी चार खोके काढून त्यांच्या खुर्च्या केल्या. जवळच्या मोठ्या, लांबच्या लहान, एक रेघ इकडची तिकडे नाही.

"कुणाच्या या?"

"ही माझी. ही आमच्या हिची, ती गेली. या दोन मुलाच्या आणि सुनेच्या. परदेशात असतात, पण आले की लागतात."

"आणि ताईंची?"

"ती कशाला बसेल? वाढायला कुणीतरी उभं नको?"

डॉक्टरांनी चित्र निरखून पाहिलं. "काळजी सोडा, ताई. बाबांचं डोकं अगदी शाबूत आहे."

ती जागची हलली नाही.

"डॉक्टर, पुन्हा एकदा तपासता का?"