रिकव्हरी

फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या काशीरामला ‘रिकव्हरी’ म्हणजे एकच ठाऊक होतं, बंद पडलेली गाडी ओढून न्यायला येणारी दुसरी गाडी. ती येईपर्यंत मेकॅनिकने जागचं हलायचं नाही. एकाहत्तरच्या लढाईत वाळूत रुतून बंद पडलेल्या ट्रकपाशी तो असाच अडकून पडला होता, आणि आजूबाजूला तोफगोळे पडत होते.

आता तो करंजाड्यातल्या फ्लॅटमध्ये अडकला होता. बायकोला, वेणूला, लकवा मारल्यापासून तो लिफ्टने खाली उतरला असेल तर फक्त औषधं आणायला.

“पप्पा, आईला आश्रमात ठेवू या,” मुलगा दीपेश कळवळून म्हणाला. “डॉक्टर आज क्लिअर बोलले, आता काही रिकव्हरी नाही. तुम्ही कशाला स्वतःला कोंडून घेताय?”

काशीरामने बाह्या वर सारून वेणूचा आखडलेला हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट हलक्या हाताने सोडवू लागला.

 

“तवाबी वायरलेसवर हेच बोललेले, रिकव्हरी नाय. टरक मीच चालवत परत आनला.”